करंदीकरांचा बोलका क्रोनोग्राफ

करंदीकर घड्याळ बघत नसत, ऐकत. तोक्योतल्या जुन्या घड्याळांच्या दुकानात ते शिरले, की दुकानदार पांढरे हातमोजे चढवून, मखमलीवर एखादा दुर्मिळ क्रोनोग्राफ मांडायचा. इतर शौकीन अशा वेळी भिंग काढतात. हे गृहस्थ डोळे मिटून तो कानाशी धरत आणि परत देत. "छे. हा बोलत नाही." दुकानदार कमरेत वाकून माफी मागायचा. कशाबद्दल, ते त्यालाही कळत नसावं.

नव्वदच्या दशकात आम्ही तोक्योच्या फुनाबोरी भागात राहायचो, तेव्हाचे हे शेजारी. माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात, वयाने खूप मोठे, एकटे. क्रोनोग्राफ म्हणजे शर्यत मोजायची सोय असलेलं मनगटी घड्याळ. बाजूचं बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की मीसुद्धा दुकान काढू शकले असते.

त्यांच्याकडे गेलं तर चहाचं नाव नाही. एकेक घड्याळ आपल्या कानाला लावणार. "ऐका वहिनी, हा जरा खोकतो. आणि हा, पेन्शनीत निघालेला." सेलवरच्या घड्याळांचा तर भयंकर तिटकारा. माझं, लग्नात माहेरहून आलेलं घड्याळ कानाशी नेऊन त्यांनी "मुकं आहे" असा निकाल दिला होता. माझ्या माहेरच्या घड्याळाला मुकं म्हणणारे हे कोण? मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एका क्रोनोग्राफच्या मागे ते वर्षानुवर्षं होते. काळी तबकडी, तिच्यात आणखी दोन छोट्या तबकड्या. तसा त्यांच्या वडिलांकडे, दादांकडे होता. दादा साताऱ्यात शाळेत खेळाचे मास्तर. तोंडात शिट्टी, मनगटावर क्रोनोग्राफ. लहानपणी करंदीकरांनी तो मित्रांपुढे मिरवायला पळवला आणि नदीत घालवला. "दादा एक अक्षर बोलले नाहीत हो," असं म्हणून ते पुढचं घड्याळ उचलत. मला वाईट वाटायचं, पण दर भेटीत किती वेळा वाईट वाटून घ्यायचं?

खरा संताप यायचा तो रविवारी. स्टेशनबाहेर एकच करडा फोन होता, ज्यावरून भारतात फोन लागायचा. टेलिफोन कार्ड घेऊन आम्ही सगळे रांगेत. करंदीकर शेवटी उभे राहत, सगळे पांगल्यावरच फोन करत, आणि तोवर मनगटावरचं बटण दाबून आमची बोलणी मोजत. "वहिनी, आज लोणच्यावर फारच वेळ गेला." अहो, माझी आई, माझं लोणचं. आठवडाभर जीव धरून ठेवायचा, आणि बोलायला लागलं की मागे हा पंच उभा. वर कोणी हसलं-बोललं की "श्श".

त्या रविवारी बोचरा वारा होता, रांग लांब होती आणि पुढचा नंबर माझा होता. करंदीकर धापा टाकत आले. सरळ माझ्याजवळ.

"वहिनी, मला आधी जाऊ द्या. दादांची दुपारची झोपायची वेळ होते."

"रांग आहे, करंदीकर. जपानात राहतो आपण."

त्यांनी हात जोडले. मी बाजूला झाले, पण तोंड वाकडं करूनच. "जा. आणि आज स्वतःचंही बोलणं मोजा."

"बटण दाबायलाच तर आलोय," ते म्हणाले. हातात काळ्या तबकडीचा तो क्रोनोग्राफ होता, शेवटी सापडलेला.

मी मागेच उभी, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तिकडे फोन दादांना सांभाळणाऱ्या बाईंनी उचलला असावा. "मावशी, दादांच्या कानाला लावा फोन. जीभ हलत नाही ना अजून? असू दे." म्हणजे अर्धांगाने दादांची वाचा गेली होती. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. "दादा, ऐका. दर रविवारी ऐकवतो तसलं नाही, हा अगदी तुमच्यासारखा." त्यांनी घड्याळ रिसीव्हरला टेकवून बटण दाबलं. खट. दर रविवारी हा माणूस एकेक घड्याळ वडिलांना ऐकवत होता, आणि आम्ही त्याला विक्षिप्त म्हणत होतो.

"मावशी, काही केलं का त्यांनी?" करंदीकरांचा चेहरा उतरला. "नाही? ऐकूच गेलं नसेल."

कसं जाणार? मागे माझा नवरा आणि त्याचे मित्र क्रिकेटवरून भांडत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वळले आणि गरजले, "तोंडं बंद करा सगळ्यांनी. कुणाच्या वडिलांना ऐकू येत नाहीये." मराठी रांग तर गप्प झालीच, पण सायकली लावणारे दोन जपानी आजोबाही जागीच थांबले. करंदीकरांनी पुन्हा बटण दाबलं. खट.

 मग मावशींचा आवाज बारीक ऐकू आला आणि करंदीकर म्हणाले, "खुणेनं शिट्टी मागतायत? उशापाशी असेल. द्या, द्या ना तोंडात."

आणि साताऱ्याहून शिट्टी आली. अर्धीमुर्धी, हवाच जास्त. पण मलाही ऐकू गेली. शाळेच्या मैदानावर शिट्टी झाल्यासारखे करंदीकर ताठ उभे राहिले.

फोन संपल्यावर ते घड्याळ कानाला लावायचंही विसरले. मला म्हणाले, "बोलले, वहिनी. दादा बोलले."

माझा नंबर आला. मी आईशी लोणच्यावर खूप वेळ बोलले. मागून एकदाही कुणी "श्श" केलं नाही.