चारशे बारा जुन्या लिंका

निवृत्तीच्या दिवशी सांबशिवरावांनी आपल्या जागी आलेल्या रघुरामला एकच गोष्ट सांगितली होती. "पानं हलीव, मी नको म्हणत नाही. पण जुन्या लिंकेवर आलेल्याला नव्या पानाकडे धाडायची सोय ठेव पा."

"जुन्या लिंकेवर येणार कोण, सर?" रघुराम सगळ्यांसमोर हसला. सांबशिवराव हसले नाहीत. गळ्यातला हार तसाच ठेवून ते घरी गेले.

तंजावूरच्या त्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर शेतातले पंप फोनवरून चालू-बंद करी. त्याची वेबसाइटवरची मदतपानं बारा वर्षं सांबशिवरावांनी लिहिली होती. रघुरामने सहा महिन्यांत ती चकाचक रचून काढली, चारशे बारा जुने पत्ते पुसले आणि चुकून तिथे येणाऱ्यांसाठी एक गोंडस पान केलं: डोकं खाजवणारं माकड, खाली 'हरवलात का?'

सोमवारी सकाळीच पापनाशमहून फोन आला. "पंप बंद पडला म्हणून पंपाच्या पेटीवरचा कोड फोनला दाखवला, तर माकड विचारतंय हरवलात का! मी माझ्याच शेतात उभा आहे!"

जुन्या लिंका प्रत्येक पेटीवरच्या कोडात छापलेल्या आहेत, हे रघुरामला तेव्हा कळलं. दुपारपर्यंत साठ फोन झाले. तिरुवैयारूच्या एका बाईंनी तर माकड पाहून आपला चांगला फोन दुरुस्तीला टाकला. इकडे भाताची रोपं सुकत होती.

"कुठली लिंक कुठल्या पानाची, ते लिहून ठेवलास की नाही?" मॅनेजर कृष्णवेणीबाईंनी विचारलं.

"ते सांबशिव सरांच्या वहीत आहे, मॅडम."

"मग जा की! माझ्याकडे काय बघतोस?"

फोन करायचं धाडस झालं नाही. रघुराम स्कूटर काढून थेट घरी गेला, तर दाराला कुलूप. सहा महिन्यांत आपण सरांची एकदाही चौकशी केली नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"हरवलात का, सार?" समोरच्या फुलवालीने विचारलं.

रघुरामचे कान तापले. तिने दाराकडे बोट केलं. कुलपाखाली प्लास्टिकमध्ये घातलेला कागद होता: 'घर बदललं आहे. मागची तिसरी गल्ली, हिरवं फाटक.' खाली ठसठशीत बाण.

"महिन्याला येऊन नवा लावून जातात," ती म्हणाली.

हिरवं फाटक सांबशिवरावांनीच उघडलं. "वाट चुकलास काय?"

"नाही, सर. जुन्या दारावर कागद होता." रघुराम फाटकातून आत आला. "चुकलं माझं."

सांबशिवराव आत गेले, वही आणून त्याच्या हातात दिली.

"तुझं माकड मी बघितलों. बरं आहे पा," ते म्हणाले. "त्याच्या हातात एक बाण तेवढा दे."