हिराकाकी आणि तिची चोरटी

हिराकाकीला वाचता येत नाही. तरी चार जाड इंग्रजी पुस्तकांची शिफारस आमच्या रेवदंड्यात तिच्याइतकी कोणी केली नसेल. तिच्याकडून अर्धा किलो सुके बोंबील घेतले की पुड्यातून एक चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर त्या चार पुस्तकांची नावं, माझ्या अक्षरात. "वाच," काकी गिऱ्हाइकाला बजावते. "एका चोरटीची गोष्ट हाय. पन खरी हाय."

खरी कसली? त्यात जादूगार आहेत, राक्षस आहेत, आग ओकणारा एक उडता प्राणीसुद्धा आहे. काकीला त्यांच्याशी घेणंदेणं नाही. "उडू दे त्याला," म्हणते. "चोरटी जेवली काय, त्ये सांग."

मी इथल्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर असते. दिवसभर अनोळखी लोकांकडे बघून हसायचं. चार वाजता सुटते तेव्हा जबडा दुखत असतो आणि कोणाशीही बोलायची ताकद उरलेली नसते. घरची वाट काकीच्या बोंबलांवरून जाते. बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांखाली ती बसलेली असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची, आणि कावळ्यांवर ओरडायचं. मागच्या वर्षी एकदा तिनं मला हटकलं.

"काय गो बाय, येवढं जाड काय वाचतेस?"

"गोष्ट आहे. एका चोर मुलीची."

"घावली काय ती?"

"अजून नाही."

"मंग बस. सांग."

मी बसले, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी अडखळतं, आणि माणसांकडे बघून बोलणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही. म्हणून पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि पानाकडे बघत सांगायला लागले.

काकीसारखा तिखट वाचक मी पाहिला नाही. चोरटी तीन दिवस गटारात लपली, असं सांगितलं तर म्हणाली, "वली कापडं आंगावर, आनि खाज न्हाय सुटली? खोटं लिवलंय." पुढच्याच पानावर चोरटीच्या मांड्यांना पुरळ आलं होतं. काकीनं हातातला बोंबील खाली ठेवला. "लिवनारी बाई वलखीची वाटते," म्हणाली. त्यानंतर चोरटी भिंतीवरून पडली की गुडघा धरून बसते, सर्दी झाली की ऐन वेळी शिंकते, भूक लागली की चिडते, हे ऐकून काकी खूश व्हायची. मधेच "हाऽऽड!" ते कावळ्याला.

चिठ्ठ्या तेव्हापासूनच्या. "पोरींनी वाचावं. कसं पडावं त्ये हाय त्यात." एसटीच्या कंडक्टरला, पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या नर्सबाईला, रिसॉर्टच्या पाहुण्यांना, सगळ्यांना चिठ्ठी. रिसॉर्टचं एक अख्खं पॅड मी त्यात संपवलं.

पण एक अडचण होती. चोरटीला लहानपणी एका बंदरावर जाळी विणणाऱ्या म्हातारीनं सांभाळलेलं असतं. दुसऱ्याच प्रकरणात चोरटी न सांगता निघून जाते, म्हातारी दारात उभी राहते, आणि लेखिका तिला जी विसरते ती कायमची. काकी विसरली नाही. रोज एकदा तरी विचारायची, "आनि म्हातारी?"

काकीची मुलगी बारा वर्षांपूर्वी अशीच घरातून गेली. हे मला आईनं सांगितलं होतं. काकीच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

एका दिवशी मी फार दमले होते. "आनि म्हातारी?" आलं. मी म्हटलं, "तिला चोरटीचा निरोप आला."

त्या दिवशी काकीनं मला लवकर घरी जाऊ दिलं.

मग ते थांबेना. चोरटीनं एका खलाशाबरोबर म्हातारीला कंदील पाठवला. नंतर लोकरीची शाल. चौथ्या पुस्तकापर्यंत मी तिला परतीच्या होडीत बसवलं होतं. पुस्तकात ती तेव्हा भलत्याच राज्यात, बर्फात होती.

परवा पुण्याची एक मुलगी आली. गेल्या खेपेला बोंबलाबरोबर चिठ्ठी मिळालेली. चारही पुस्तकं वाचून मुद्दाम सांगायला आली होती.

"मावशी, काय भारी आहे हो ती!"

"सांगितलं व्हतं ना? आनि म्हातारी? भेटली काय तिला चोरटी?"

"कोण म्हातारी?" मुलीनं आठवून बघितलं. "ती होय! ती तर सुरुवातीलाच संपते. पुन्हा येतच नाही."

माझे कान तापले. मी पुस्तकात इतकी वाकले की नाक पानाला लागलं. या एका खोट्यावर काकीनं वर्ष काढलं होतं.

काकीचे हात थांबले नाहीत. "तुज्या बुकात पानं कमी असतीन," ती म्हणाली. "हिच्या बुकात पुरी हायत. सोडे देऊ काय?"

मुलगी सुक्या कोलंबीचे सोडे घेऊन गेली. मी तशीच बसून राहिले. "काकी, मी..."

"बुकातलं सांगतेस तवा तू खाली बगतेस," काकी म्हणाली. "म्हातारीचं सांगतेस तवा माज्याकडं बगतेस."

"कधी कळलं?"

"पयल्याच दिशी. निरोप आयला तवाच." तिनं टोपलीतून दोन बोंबील उचलले. "आता पुढचं सांग. होडी लागली. चोरटी दारात आयली. म्हातारी पयलं काय बोलली?"

मी पुस्तक मिटलं. काकीकडे बघितलं.

"म्हणाली, 'जेवलीस काय?'"

काकीच्या हातातली जोडी हातातच राहिली. वरच्या दोरीवर एक कावळा उतरला, त्यानं सावकाश एक बोंबील ओढून काढला आणि उडाला.

काकी त्याच्यावर ओरडली नाही.