डुप्लिकेट थोरली

जगातली बहुतेक दुःखं माहिती अस्वच्छ राहिल्यामुळे होतात. माणसं आंघोळ करतात, भांडी घासतात, वर्षातून एकदा पंखेही पुसतात. माहिती मात्र जशी आली तशी वापरतात आणि मग नशिबाला बोल लावतात. आमच्या बुटांच्या कारखान्यातही एकवीस वर्षं हेच चाललं होतं. मी तिथला हजेरी कारकून. सत्तेचाळीस माणसांची हजेरी मी जाड रजिस्टरात लिहीत असे, आणि कोण आलंय, कोण नाही, कुणाची सासू आजारी आहे, हे मला रजिस्टर न उघडताही ठाऊक असे. हा प्रकार किती अशास्त्रीय होता हे मला पुढे कळलं.

एका सोमवारी व्यवस्थापक साहेबांनी परिपत्रक काढलं : ‘सदर कारखान्यातील निर्णय यापुढे अंदाजाने न घेता आलेखाने घेण्यात येतील.’ त्यासाठी एका कर्मचाऱ्याला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. वय, शिक्षण आणि कल यांचा सखोल विचार होऊन माझी निवड झाली. (मशीनवर किंवा गेटवर नसणारा मी एकटाच होतो.)

वर्ग एका झेरॉक्सच्या दुकानावर, माडीवर भरे. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “काका, डेटा म्हणजे बाजारातून आणलेली भाजी. आधी निवडायची, मग धुवायची. चित्र काढायची घाई करायची नाही.” एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी मला भाजी निवडायला शिकवतंय हे मी घरी सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात रिकाम्या जागा झाल्या. रकाना कोरा असला की बाकीच्यांपुढे जे सर्वांत जास्त वेळा आलंय ते त्यात भरायचं. आमच्या यादीत चौदा जणांपुढे ‘विवाहित की अविवाहित’ हा रकाना कोरा होता. मी बटण दाबलं आणि सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौदा जणांची लग्नं लागली. त्यांत गेटवरचे वॉचमनकाका होते, वय अठ्ठावन्न. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला जिन्यात गाठलं.

“लग्न लावलंत ते बरं केलंत. पण ती असते कुठे?”

मी त्यांना समजावलं की तो वेगळा रकाना आहे आणि तो आपल्याकडे नाही.

दुसऱ्या आठवड्यात डुप्लिकेट आले. एकच माणूस यादीत दोनदा आला तर पहिली ओळ ठेवायची, दुसरी काढायची. शिलाई विभागात दोन बहिणी होत्या, जुळ्या. बुटाचा चामड्याचा वरचा भाग शिवायच्या. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, जन्मतारीख एक, पत्ता एक, विभाग एक. आईवडिलांनी हौसेनं दोघींची नावं एकाच अक्षरावरून ठेवली होती, आणि आमच्या यादीत नावाचं पहिलं अक्षर तेवढंच लिहायची पद्धत आहे. धाकटी आधी कामाला लागली होती, थोरली दोन दिवसांनी, कारण तेव्हा तिला कांजिण्या झाल्या होत्या. त्यामुळे धाकटीची ओळ राहिली. यादी सत्तेचाळिसावरून सेहेचाळिसावर आली, आणि माझी माहिती एकवीस वर्षांत प्रथमच स्वच्छ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली गेटवर अडकली. तिनं कार्ड लावलं की लाल दिवा. गेटचं यंत्र माझ्याच यादीवर चालत असल्यामुळे वॉचमनकाकांनी मला बोलावलं.

“दादा, कार्ड चालत नाहीये.”

“कार्ड चालतंय, ताई. तुम्ही नाही आहात.”

“मी नाही? मग हे बोलतंय कोण?”

“धाकट्या ताई बोलताहेत असं धरण्यात येईल.”

“अहो, मी तिच्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आहे! लहानपणी तिचं नाक मी पुसलंय!”

ही माहिती भावनिक असली तरी उपयोगाची होती. दुर्दैवानं आमच्या यादीत जन्मवेळेचा रकाना नाही. काढलेली ओळ परत कशी आणायची हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ते पुढच्या कोर्समध्ये आहे.

बहिणींनी मग आपल्या परीनं मार्ग काढला. धाकटी कार्ड लावी, हिरवा दिवा लागे आणि दोघी एकमेकींना चिकटून आत शिरत. दोघी आपापल्या मशीनवर बसत आणि दोघींचं काम धाकटीच्या नंबरावर चढे. (पगाराबद्दल विचारू नये, ते खातं दुसऱ्या मजल्यावर आहे.)

तिसऱ्या आठवड्यात आलेख सुरू झाले. मॅडमचा नियम होता की बघणाऱ्याला तीन सेकंदांत कळलं पाहिजे. ज्याला चार सेकंद लागतात ते चित्रात घ्यायचं नाही. मी मागच्या आठवड्याच्या कामाचा खांबांचा आलेख केला. बाकी सगळे दिवसाला चाळीस-बेचाळीस जोड. धाकटी त्र्याऐंशी. तिचा खांब पानाच्या वरच्या टोकाला टेकला होता आणि उरलेला कारखाना त्याच्या पायाशी गवतासारखा दिसत होता.

साहेबांनी तो आलेख तीन सेकंद पाहिला आणि खाली उतरून थेट शिलाई विभागात आले.

“हा खांब कुणाचा?”

धाकटी उठून उभी राहिली. शेजारच्या मशीनवर थोरली मान खाली घालून शिवत होती. ती यादीत नसल्यामुळे साहेबांनी तिच्याकडे पाहण्याचा प्रश्न नव्हता.

“तुमचं रहस्य काय?”

“रहस्य कसलं, साहेब. मी एकटी नाही करत. ही माझी बहीण...”

“पाहिलंत?” साहेब माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे पाणावले होते. “एवढं काम करून श्रेय बहिणीला!”

त्याच दिवशी परिपत्रक निघालं की प्रत्येकानं धाकटीचा आदर्श ठेवून दिवसाला ऐंशी जोडांचं लक्ष्य गाठावं. लोक आठवडाभरात रडकुंडीला आले. मग तळ कापणाऱ्यानं मेहुण्याला आणलं. चिकटवण्याच्या टेबलावरच्या मावशींनी सून आणली. एकानं निवृत्त वडील आणले. ते दुपारी तासभर झोपत, पण तेवढा वेळ मुलगा जागा असे. दोन महिन्यांत यादीवर सेहेचाळीस माणसं होती आणि इमारतीत एक्क्याण्णव. (वॉचमनकाकांना आणण्यासारखं कुणी नव्हतं. त्यांनी मला पुन्हा विचारून पाहिलं.) आलेखात सगळे खांब दुप्पट झाले. चहाचा खपही दुप्पट झाला, पण सेहेचाळीस माणसांनी एवढा चहा पिणं शक्य नसल्यामुळे तो आकडा चुकीचा ठरवून मी काढून टाकला. माझ्याकडेही काम वाढलं होतं. मग आमच्या घरची मंडळी, म्हणजे बायको, जेवणं आटोपून येऊ लागली. आकडे भरायचं काम तिच्या हाताला फार छान बसलं, आणि ‘शिकाऊ विश्लेषक’ म्हणून माझं कौतुक होऊ लागलं.

पुढच्या महिन्यात आगीची तालीम झाली. घंटा वाजली, सगळे पटांगणात जमले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी यादी काढली, माणसं मोजली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“पंचेचाळीस जास्त आहेत. अशानं तालीम पूर्ण झाली असं लिहिता येणार नाही. जास्तीच्यांनी आत जाऊन बसा.”

लोक मुकाट्यानं आत जाऊ लागले. थोरली तेवढी थांबली.

“आणि खरोखर आग लागली तर?”

“तुम्ही यादीत आहात का?”

“नाही.”

“मग तुम्हाला काय होणार आहे?” अधिकारी अगदी धीर देत म्हणाले.

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी यादीत पाहिलं. ती आत गेली. धाकटी तिच्यामागे निघाली, तर तिला हात धरून बाहेर ठेवावं लागलं, कारण तिच्यावाचून मोजणी पंचेचाळीस होत होती. तालीम चार मिनिटं दहा सेकंदांत यशस्वी झाली. त्या चार मिनिटांत धाकटी दाराकडे तोंड करून उभी होती. आतून खिडकीच्या काचेला कुणाचा तरी तळवा टेकलेला दिसत होता.

वर्षाच्या शेवटी सर्वोत्तम कर्मचारी म्हणून धाकटीची निवड झाली. नेमका समारंभाच्या दिवशी तिला सणकून ताप भरला, म्हणून तिचं कार्ड घेऊन थोरली आली. गेटवर हिरवा दिवा लागला, तेव्हा ती क्षणभर तिथेच उभी राहिली. मंचावर साहेबांनी तिला चषक दिला, फोटो झाला. त्या दिवशीचं काम एक्केचाळीसच भरलं, ते मी नेहमीच्या पद्धतीनं दुरुस्त केलं.

कार्यक्रमानंतर ती माझ्या टेबलाशी आली.

“दादा, आज मी आहे ना?”

“आज आहात.”

“आणि धाकटी?”

“आज त्या नाहीत.”

“मग घरी तापानं फणफणलंय ते कोण?”

मी स्क्रीनवर तापाचा रकाना शोधू लागलो. तिनं चषक माझ्या टेबलावर ठेवला, धाकटीचं कार्ड त्याच्यात टाकलं आणि गेली. त्यानंतर दोघीही आल्या नाहीत. धाकटीचा खांब शून्यावर आला. शून्य म्हणजे रिकामी जागा समजून ती बाकीच्यांच्या आकड्यानं भरण्यात आली, त्यामुळे उत्पादनावर कागदोपत्री काहीही परिणाम झालेला नाही.

आमचा कारखाना आता इतरांना आदर्श म्हणून दाखवला जातो. पाहायला येणारे फार हसतात. एका नावामागे दोन माणसं राबतात आणि कुणाच्या लक्षात कसं येत नाही, असं म्हणतात. आपणही आतापर्यंत हसला असाल. मी फक्त एवढीच नम्र विनंती करीन की आज आपल्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आहे, पोटात वेळेवर पडलेलं जेवण आहे आणि ही गोष्ट निवांत वाचण्याइतकी फुरसत आहे, त्यासाठी कुणाची मेहनत आपल्या नंबरावर चढलेली आहे हे एकदा पाहून घ्यावं. तीन सेकंदांत कळलं नाही तर सोडून द्यावं.