चालणे मंडळाच्या अध्यक्षांचं पोट

माणसाचं जठर त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं, असा एक गैरसमज वैद्यकीय क्षेत्रात आहे. उमरगा तालुक्यात तसं नाही. इथं जठर ही सार्वजनिक मालमत्ता असून तीत काय आणि किती टाकायचं, याचा निर्णय यजमान, यजमानीणबाई, वाढपी आणि शेजारच्या पानावरचा अनोळखी इसम यांची समिती घेते. ज्याचं जठर, त्याला या समितीत मत नसतं. (सूचना मांडता येते. ती हसून फेटाळली जाते.)

अशा परिस्थितीत मी, महांतेश, वय त्रेपन्न, हायवेवरच्या पाईप-मोटारींच्या दुकानाचा मालक, याने अकरा वर्षांपूर्वी हैदराबादला जाऊन सदर मालमत्तेवर सिलिकॉनची एक पट्टी बसवून घेतली, हे धाडसच म्हटलं पाहिजे. धाडस अशासाठी, की मी ते बायको आणि मुलगी सोडून कुणालाही सांगितलं नाही. गावाच्या माहितीप्रमाणे मी पंपांच्या डीलर मेळाव्याला गेलो होतो. मेळावा नऊ दिवस चालला आणि मी तिथून डाळीचं पाणी पीत परत आलो.

पट्टीची रचना माझ्या धंद्यातल्या माणसाला समजायला सोपी आहे. पाईपला क्लॅम्प मारतात तशी ती जठराच्या वरच्या अंगाला आवळायची. वर एक छोट्या वाटीएवढी पिशवी तयार होते, ती भरली की पोट भरल्यासारखं वाटतं. पट्टीपासून एक बारीक नळी निघते आणि बरगडीखाली, कातडीच्या आत बसवलेल्या बटणाला जोडलेली असते. बटणात सुईनं मिठाचं पाणी भरलं की पट्टी आवळते, काढून घेतलं की सैल पडते. अशी वस्तू मी विकली असती तर दोन वर्षांची गॅरंटी दिली असती. डॉक्टरांनी आयुष्यभराची दिली. (कुणाच्या आयुष्याची, ते विचारायचं राहून गेलं.)

पहिल्या दोन वर्षांत मी भराभरा उतरलो. रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले, “किती किलो?” माझ्या अंदाजानं अकरा वर्षांत मला विचारलेल्या प्रश्नांपैकी शेकडा ब्याण्णव प्रश्न हाच होता. उरलेल्या आठांत मोटारीचा भाव, मुलीचं शिक्षण आणि देवाधर्माचं सगळं आलं. दुसरा प्रश्न ओघानंच यायचा, “कसं काय केलं?” आणि मी सांगायचो, “पहाटे चालतो.”

थाप मारली की ती पाळावी लागते. मी पहाटे बायपासला चालू लागलो. आठवड्याभरात मागं चार जण आले, महिन्यात वीस, आणि वर्षाच्या आत ‘पहाट चालणे मंडळ’ स्थापन होऊन एकमतानं मी अध्यक्ष झालो. मंडळाच्या कार्याचा आढावा थोडक्यात असा: सभासद एकेचाळीस. अंतर रोज सहा किलोमीटर. परतीच्या वाटेवर गरम भज्यांचा गाडा एक. अध्यक्ष वगळता सभासदांच्या एकूण वजनात दहा वर्षांत झालेली वाढ, अडीच क्विंटल. गुडघे निकामी, कल्याणप्पा यांचे दोन.

कल्याणप्पा किराणा दुकानदार. भला माणूस. वजन हलेना म्हणून तो माझा सल्ला घ्यायचा आणि मी त्याला एक किलोमीटर वाढवून द्यायचो. असं चार वेळा केलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा तो मला म्हणाला, “अध्यक्ष, तुमच्यासारखं सातत्य माझ्यात न्हाय.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सातत्यावर दहा मिनिटं बोललो. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

इकडं तिसऱ्या वर्षापासून पट्टीनं स्वतःचा कारभार सुरू केला होता. भाकरी अडायची. भात अडायचा, पोळी अडायची, वांग्याचं सालसुद्धा अडायचं. अडलं की छातीत धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, तोंडात फेस यायचा आणि घास आल्या वाटेनं परत जायचा. (याला उलटी म्हणत नाहीत, असं मला दवाखान्यात समजावण्यात आलं. रुमालाला ते समजावता आलं नाही.) आईस्क्रीम, बासुंदी, उसाचा रस आणि पातळ तूप मात्र विनाअडथळा जायचं. म्हणजे ज्यांच्यापासून मला वाचवण्यासाठी पट्टी नेमली होती, त्यांना तिनं खुला परवाना दिला आणि ज्वारीला अडवून धरलं. नाक्यावर मोठ्या गाड्या सोडून मोटारसायकलवाल्याची कागदपत्रं तपासतात, त्याच धर्तीवर हे काम चालायचं.

केस गळाले. छातीत आंबट पाणी यायचं म्हणून तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायला शिकलो. एकदा कातडीखालचं बटण आतल्या आत उलटं झालं आणि दोन नर्सबाई व एक शिकाऊ डॉक्टर हातात सुई घेऊन माझ्या पोटावर ते पाऊण तास शोधत होते. हैदराबादला फोन केला तर कळलं, की पट्टीची फॅशन गेली, आता कुणी ती बसवत नाही आणि आमचे डॉक्टर हल्ली लोकांच्या टकलांवर केस लावतात. माझे केस गळतच असल्यानं आमचा संबंध अगदीच तुटला, असं म्हणता येणार नाही.

अकरा वर्षांत मी एकशे चौतीस लग्नं जेवलो, म्हणजे जेवल्यासारखं केलं. पंगतीच्या टोकाला, हात धुवायच्या नळाजवळ बसायचं. पोळी भाताखाली पुरायची. कुणी फार आग्रह केला तर आज सोमवार आहे म्हणायचं. माझ्या आठवड्यात साधारण पाच सोमवार येत.

मागच्या दिवाळीत सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, की पट्टी जागेवरून सरकली आहे, वरची पिशवी फुगली आहे, काढून टाका. उशीर केला तर जठराचा रक्तपुरवठाच बंद पडेल. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, “काढल्यावर वजन वाढतं का?” ते म्हणाले, बहुतेक वाढतं. मी विचार करायला मुदत मागितली. एकीकडं जीव होता हे खरं, पण दुसरीकडं मंडळाचा दशकपूर्ती सोहळा होता आणि पत्रिका छापून झाल्या होत्या.

सोहळा पार पडला. शाल-श्रीफळ मिळालं. त्यानंतर मुलीच्या लग्नाचं निघालं.

आमची अर्पिता आणि अणदूरच्या गुंडाप्पांचा कुलदीप एकत्र शिकलेले. त्यांनी एकमेकांना पसंत करून ठेवलं होतं आणि आम्हा वडीलधाऱ्यांना फक्त ते आपण ठरवलं असं दाखवायचं होतं. मार्चमध्ये आम्ही अणदूरला गेलो. गुंडाप्पांच्या घरची रीत अशी, की सोयरीक पक्की करताना मुलीच्या बापाला मधोमध बसवायचं, होणाऱ्या विहीणबाईंनी स्वतःच्या हातची तुपातली होळीगे त्याच्या ताटात वाढायची, त्यानं पहिला घास खायचा आणि मगच घरादारानं जेवायला सुरुवात करायची. होळीगे म्हणजे पुरणपोळीच. नाव कानडी असलं तरी पट्टीला भाषा कळत नाही.

नळ लांब होता. पुरायला भात अजून वाढला नव्हता. वार रविवार होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. समोर गुंडाप्पा बसले होते, दाराएवढे रुंद, हसतमुख, आणि पंधरा-वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी घास घेतला. बत्तीस वेळा चावला. तो उतरला आणि अडला.

परसात कडीपत्त्याच्या झाडाबुडी मी वाकलेला असताना मागून गिरिजाबाई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी आपलं पुरण ओळखलं. मी पित्त म्हणालो. परत येऊन ताटावर हात आडवा धरला आणि उरलेला वेळ हवामानावर बोललो.

चार दिवसांनी मध्यस्थ बिराप्पा दुकानात आले. मोटारी बघितल्यासारखं करून त्यांनी निरोप दिला, “पोरीच्या बापाच्या पोटात आमच्या घरचा एक घास राहीना, तर पोर कशी राहंल, असं म्हणायलेत त्ये.” शिवाय घरात काही दुखणं लपवलंय का, अशीही शंका होती. सोयरीक थांबली होती.

अर्पिता रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती, त्याचा मला सराव आहे. ती म्हणाली, “अप्पा, तुमी सांगणार का मी सांगू?” मी मुदत मागितली. तेव्हा उमादेवी, माझी बायको, जी अकरा वर्षं माझं जेवण मिक्सरमधून काढत आली आहे, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“अकरा वर्सं तुमच्या ताटात राहिलेली भाकर म्या खाल्ली,” ती म्हणाली. “तुमचं उतरलं त्ये सगळ्यांनी इचारलं. माझं चढलं त्ये कुणी इचारलं न्हाय. आता पोरीचं लगीन तुमच्या मंडळापायी मोडू नका.”

मी तिच्याकडं बघितलं. खरंच चढलं होतं. अकरा वर्षं रोज आरशासमोर उभं राहून मी एकाच माणसाचं पोट मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच अणदूरला गेलो. ओसरीवर गुंडाप्पा आणि गिरिजाबाई बसले होते. मी चहा नाकारला, त्यामुळं वातावरण जितकं बिघडायचं तितकं लगेच बिघडलं. मग मी सदरा वर केला, बरगडीखालचं टेंगूळ दाखवलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, नळी, बटण, फेस, रुमाल, सोमवार, कल्याणप्पाचे गुडघे, सरकलेली पिशवी, डॉक्टरांनी दिलेला इशारा. दुखणं लपवलं होतं हे खरं, पण ते मुलीचं नाही, माझं आहे आणि ते मी विकत आणलेलं आहे, असंही सांगितलं. जवळजवळ अर्धा तास लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी अर्धा तास चालण्याचा उल्लेख न करता बोललो.

गुंडाप्पांनी टेंगूळ नीट निरखून घेतलं. मला वाटलं, उठा म्हणणार. मग ते जरा पुढं सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पण किती किलो उतरलं, पाव्हणं?”

मी काही बोलायच्या आत गिरिजाबाई उठून आत गेल्या. मी चपला शोधू लागलो. त्या पेला घेऊन बाहेर आल्या. ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील होती, ताक घातलेली, गाळून घेतलेली.

“हे उतरतंय का बघा,” त्या म्हणाल्या. “दमानं घ्या. कुणी बघत न्हाय.”

आणि त्यांनी नवऱ्याला गोठ्याकडं पिटाळलं. अकरा वर्षांत घराबाहेरच्या कुणी, काय उतरतं हे मला विचारलेलं नव्हतं. मला रडू आलं. आंबील घोटाघोटानं उतरली आणि आत राहिली. रीत पाळली गेली, असं गिरिजाबाईंनीच जाहीर केलं.

लग्न झालं. त्याआधी सोलापुरात पट्टी काढली. ती आता दुकानात गल्ल्याच्या कप्प्यात, जुन्या वॉशरांमध्ये आहे. जठर अजून पूर्ण ताळ्यावर नाही. भाकरी कधी जाते, कधी थांबून विचार करते. वजन परत येऊ लागलं आहे. मंडळापुढं मी सगळं कबूल करून राजीनामा ठेवला. तो नामंजूर झाला. सभा संपल्यावर एकेचाळीसपैकी सदतीस सभासदांनी मला एकेकटं गाठून हैदराबादच्या दवाखान्याचा नंबर मागितला. त्यात कुबड्या टेकत आलेला कल्याणप्पाही होता. पट्टी आता कुणी बसवत नाही, असं सांगितल्यावर मग हल्ली काय बसवतात, असं त्यानं विचारलं.

वाचकांबद्दल मला आदर आहे. तुम्ही सुशिक्षित आहात, एका माणसाच्या अकरा वर्षांच्या हालाची हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, दोन-चार ठिकाणी हळहळलातही असाल. या हकीकतीत मी सगळे आकडे दिले आहेत. लग्नं किती, सभासद किती, गुडघे किती, घास किती वेळा चावला, सगळं. एक आकडा मात्र मुद्दाम दिलेला नाही. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापासून तोच शोधत आला आहात, हे मला माहीत आहे.