मान वाळली की टांगायची

चैत्र लागल्यापासून दमयंतीच्या बाळाच्या छातीत बारीक शीळ वाजत होती. ती शीळ फक्त एकाच मांडीवर थांबायची, ती म्हणजे सोनूआत्यांच्या. दमयंतीच्या नवऱ्याच्या या आत्या. केळशीहून त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. निदान पावसाळा संपेपर्यंत त्यांनी राहावं, यासाठी दमयंतीने नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता. कॉलेजात असताना नवसांविरुद्ध निबंध लिहून तिने बक्षीस मिळवलं होतं, म्हणून तेवढं राहिलं. पण हल्ली गणपतीपुळ्याच्या दिशेला ती जरा जास्तच बघायची.

तिचा दुसरा आधार म्हणजे लसूण. बाळाच्या छातीला चोळायच्या तेलात ती लागते, आणि बाजारातली लसूण ऐन पावसात पोकळ निघते. म्हणून दिवाळीनंतर तिने परसात दोन वाफे लावले होते. आता पाती पिवळी पडून आडवी झाली होती. एके दिवशी सकाळी ती वाफ्यात बसून एकेक गड्डा चाचपत होती आणि चिऱ्यांच्या गडग्यापलीकडून शेजारच्या आनंदीबाई तिला धडे देत होत्या. आनंदीबाईंचा आवाज असा, की कानात सांगितलेलं मांडवी बंदरावर ऐकू जावं.

"काढायला हवी का हो आता तिला?" दमयंतीने विचारलं.

"तर काय! पिकली की गो पुरती. आणखी ठेवलीस तर फुटेल, मग कुत्रं विचारणार नाही."

"पण मान मऊच लागते."

"मान वाळू दे आधी. मान ओली राहिली की आतून कुजते, मग सगळ्या घरात वास."

"उन्हात ठेवू?"

"छे गो! सावलीत. आणि पाणी लावू नकोस हां अंगाला. वरचा मातकट पदर तेवढा ओढून काढ. सगळं सोललंस तर टिकायची नाही."

"मग?"

"मग काय? मान वाळली की चुलीवरच्या तुळईला टांगायची. धुराने कीड लागत नाही."

"पावसाळा काढेल ना?"

"काढेल, काढेल. तोवर थोडी थोडी संपवायची."

परसाकडच्या खिडकीला लागूनच सोनूआत्या बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्यांची मांडी हलायची थांबली. 'मी आता पिकलं पान,' असं त्यांनीच काल जेवताना म्हटलं होतं. लसूण हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ही गोष्ट परीक्षेत फार तर एका गुणाची. पण या घरात तिने अनर्थ केला.

दुसऱ्या दिवशी दमयंती उठली तेव्हा अंगण झाडून झालं होतं आणि सोनूआत्या विहिरीवरून दुसरी कळशी आणत होत्या.

"आत्या, अहो हे काय!"

"काय म्हणजे? मी खुटखुटीत आहे अजून. पिकलेली नाही काही!"

दमयंती घाबरली. गुडघे धरून उठणारं माणूस एकाएकी कळशा वाहू लागलं, तर ताप डोक्यात गेला असेल. बाळ झाल्यापासून ती घरातल्या प्रत्येक शिंकेची नोंद ठेवायची. आत्या सारखी स्वतःची मान चाचपतात, हे तिने लगेच टिपलं. घसा सुजला असणार! आणि बाळ तर दिवसभर त्यांच्याच मांडीवर.

"आत्या, मान बघू जरा?" तिने हात पुढे केला.

"ओली आहे!" सोनूआत्या भिंतीला टेकल्या. "अजून ओली आहे गो माझी मान!"

घामाने खरंच ओली होती. म्हणजे ताप उतरतोय, असा अर्थ दमयंतीने काढला. ओटीवरच्या खाऱ्या वाऱ्याने दुखणं उलटायला नको, म्हणून तिने आत्यांचं अंथरूण उचलून चुलीशेजारच्या खोलीत नेलं.

"इथे कोरडं आहे, आत्या. ओल नाही. आणि धुराने छाती मोकळी होईल."

सोनूआत्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तेवढ्यात दमयंतीचा नवरा सदानंद कचेरीतून आला तो सुंभाचं वेटोळं घेऊनच. कोट न उतरवताच तो पाटावर चढला आणि तुळईला फास बांधू लागला.

"वजन पेलेल ना गं?" त्याने खालून एक हिसका दिला.

"न पेलायला काय झालं? वाळून हलकीच होणार आहे."

त्या संध्याकाळी सोनूआत्या देवळात जाते म्हणून निघाल्या आणि बंदरावर गेल्या. लवू तांडेलाचा मचवा हर्णैला निघत होता.

"लवू, केळशीला माझ्या दिराला निरोप दे. म्हणावं, आप्पा, मला पावसाआधी टांगणार आहेत. सून शिकलेली आहे, सगळं पद्धतशीर चाललंय."

त्यानंतरचे दिवस दमयंतीला नकोसे झाले. आत्यांनी परसाकडे पाऊल टाकणं सोडलं. त्यांची मांडी आता आपोआपच थरथरायची, त्यामुळे बाळ तिथेही झोपेना. शीळ वाढली. आत्यांनी गाठोडं बांधून उशाशी ठेवलं होतं. दमयंती एकदा रडतच म्हणाली, "आत्या, माझं काय चुकलं ते सांगा तरी."

"तुझं कसं चुकेल बाई? तू कॉलेजातली."

आणि एका दुपारी आप्पा दारात उभे राहिले. बरोबर त्यांच्या गावचे पेन्शनीत निघालेले विठू हवालदार. हवालदारांनी वहाणा काढल्या, पण अंगातला खाकी कोट ठेवला. कुणाशी न बोलता ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि वर बघून थांबले.

"हे फास कोणी बांधले?"

"मी," सदानंद म्हणाला.

"कोणासाठी?"

"लसणीसाठी."

"लसणीला फाशी? माझी नोकरी काय गवत कापण्यात गेली काय रे?"

"विचारा तिला!" दाराआडून सोनूआत्या ओरडल्या. "माझी मान वाळायची वाट कशाला बघत होती, ते विचारा! पदर ओढून काढायचा, अंगाला पाणी लावायचं नाही, सगळं ऐकलंय मी!"

दमयंतीने मिळवलेलं बक्षीस, वाचलेली पुस्तकं, काही म्हणजे काही कामाला येईना. शेवटी गडग्यापलीकडून आवाज आला,

"अगो सोनूबाई, ती लसणीची मान गो!"

दमयंती धावत परसातल्या खोपीत गेली आणि सावलीत वाळवलेली लसूण सुपात भरून घेऊन आली. हवालदारांनी एक गड्डा उचलला, मान दाबून पाहिली आणि आप्पांकडे बघून म्हणाले, "वाळलीय."

मग सोनूआत्या दमयंतीवर कडाडल्या, "मग नाव घेऊन बोलायला काय झालं होतं? ती, ती, ती! नवऱ्याचं घेत नाहीस ते ठीक, लसणीचं कसलं आलंय?"

लाज झाकायला त्यांनी मग उदारपणाचा आश्रय घेतला. पाहुणे हकनाक आले, रिकाम्या हातांनी कसे जातील? बांगड्याच्या तिखल्यात सढळ हाताने लसूण पडली. आप्पांना जुड्या दिल्या. हवालदारांनी मुद्देमाल म्हणून आपल्या वेगळ्या मागून घेतल्या. निरोप पोचवणाऱ्या लवूला दिल्या, खरं काय ते सांगणाऱ्या आनंदीबाईंना दिल्या. देताना आत्या दर वेळी म्हणत होत्या, "घ्या हो, घरचीच आहे." दमयंती नुसती बघत होती. तिला नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं आणि आत्या उठून बोटीत बसल्या तर?

पाहुणे गेले. माणूस पेलेल अशा त्या सुंभाला लसणीची एकच जुडी लोंबत राहिली. पावसाळा सगळा पुढे होता. आणि आत्यांचं गाठोडं उशाशी तसंच बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या परसात गेल्या. दमयंती बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीआड उभी होती. गडग्यापलीकडून आनंदीबाईंनी विचारलं,

"कशी काय वाटली हो शेवटी?"

"बारीकच आहे," सोनूआत्यांचा आवाज आला. "दिसायला काही नाही. आणि उग्र अशी, की डोळ्यांतून पाणी काढते. पण पोराच्या छातीला तीच लागते. दुसरं कोणी चालायचं नाही."

"पावसाळा काढेल?"

"एकटी कसली काढते! काळजीनेच कुजेल. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. म्हणून राहतेय मी."

बाळ खांद्यावर झोपलं होतं. चुलीवरची जुडी वाऱ्याने जरा हलली. बाहेर जाऊन नाव विचारलं असतं, तर एका शब्दात उलगडा झाला असता.

दमयंतीने हळूच आपली मान चाचपून पाहिली. अजून ओलीच होती.