सफाई रॅसचा दाखला

समाजाला तज्ज्ञांची गरज असते, याबद्दल दुमत नाही. अज्ञान तर सगळ्यांकडेच असतं. पण ते चारचौघांत ठामपणे सांगण्याची हिंमत फार थोड्यांना लाभते. अशा थोड्यांना जपावं, मान द्यावा, आणि जमल्यास आपल्या घरातल्या माशांपासून लांब ठेवावं.

दातांच्या एका डॉक्टरांची ही हकिकत. त्यांच्या दिवाणखान्यात चारशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी होती. टाकी डॉक्टरांची, म्हणजे ती पाहुण्यांना दाखवण्याचं काम डॉक्टरांचं. किरकोळ कामं बायकोकडे होती: दर रविवारी पाण्यात मीठ कालवून खारेपणा मोजणं, काच घासणं, पंपात अडकलेली घाण काढणं, माशांना खाऊ घालणं आणि वीज गेली की हातातलं टाकून धावणं.

या टाकीत सहा वर्षांपासून एक पिवळाधमक, बशीएवढा मासा राहत होता. बायकोच्या थोरल्या मामांसारखे त्याचे ओठ पुढे आलेले, आणि कुणी काही दिलं की आधी संशयाने बघायची खोडही तीच. म्हणून तो मामा झाला. बायको शेवाळाचा तुकडा चिमट्याने काचेला अडकवायची आणि मामा तिच्या बोटाशी येऊन कुरतडायचे. (मामांना घरात अहोजाहो होतं. डॉक्टरांनाही होतं, पण सवयीने.)

डॉक्टरांना मात्र रॅस हवा होता. रॅस हे समुद्री माशांचं एक अवाढव्य घराणं आहे. लहानपणी त्यांचा रंग एक, वयात आल्यावर दुसरा. घोळक्यातला नर मेला की थोरली मादी काही दिवसांत नर होऊन कारभार हाती घेते. काही जण झोपायला वाळूत शिरतात, आणि टाकीला झाकण नसेल तर काही जण उडी मारून कायमचे सुटतात. कागदपत्रांच्या दृष्टीने इतकं बेजबाबदार घराणं शोधून सापडायचं नाही.

त्यातला सफाई रॅस डॉक्टरांच्या मनात भरला होता. बोटाएवढा निळा मासा, अंगावर काळा पट्टा. मोठे मासे त्याच्यासमोर पर पसरून, तोंड उघडून स्वस्थ उभे राहतात आणि हा त्यांच्या अंगावरची, दातांतली घाण टिपून खातो. "आमच्या धंद्यातला आहे," डॉक्टर म्हणायचे, "फक्त फी घेत नाही."

माशांच्या दुकानदाराने तसा मासा काढून दिला. "अस्सल सफाई रॅस. तुमच्यासाठीच मागे ठेवला होता." (दुकानदार प्रत्येकासाठी काही ना काही मागे ठेवतो. सहसा ते सत्य असतं.)

टाकीत सोडताच नवा मासा निळाईची चमक दाखवत नाचत पुढे आला. मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच संशय घेतला नाही. त्यांनी पर पसरले, तोंड उघडलं आणि डोळे स्थिर करून उभे राहिले. डॉक्टरांनी शेजाऱ्यांना बोलावून हे दृश्य दाखवलं.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, मामांच्या शेपटीचा लचका गेलाय."

"साफसफाईत थोडंफार जायचंच."

"लचका? तुम्ही दात साफ करता तेव्हा लोकांचे ओठ जातात का?"

प्रश्न धंद्यावर आल्यामुळे डॉक्टरांनी तो रीतसर मार्गी लावायचं ठरवलं. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे ते सदस्य होते. मंडळात चारशे बारा सदस्य. पैकी मासे असलेले अडतीस आणि मतं असलेले चारशे बारा. मंडळाच्या ओळख समितीने आजवर अकराशे चाळीस माशांची ओळख पटवली होती, आणि त्यात एकही चूक निघाली नव्हती. (चूक निघाली की नाही हेही समितीच ठरवते. हा खर्च वाचवणारा मार्ग आहे.) समितीचे प्रमुख गुरुजी. ते करखात्यातून निवृत्त झालेले. घरी मासा नाही, टाकी नाही. निर्णयात भावना मिसळू नये म्हणून त्यांनी ही काळजी घेतली होती.

डॉक्टरांनी तीन फोटो पाठवले. चौथ्या मिनिटाला गुरुजींचं उत्तर आलं: "पट्टा पाहिला. अस्सल. अभिनंदन." पाठोपाठ शिक्का मारलेला दाखलाही आला.

मंडळात एक शिंपी होता. त्याने भीत भीत लिहिलं, "पट्टा कुणीही लावतो हो. तोंड बघा. रॅसचं तोंड नाकाच्या टोकाला असतं, याचं खाली, हनुवटीकडे आहे. हा तोतया वाटतो. हे तोतये सफाईवाल्याचा वेश घेऊन जवळ जातात आणि चावे घेतात."

समितीने हे गांभीर्याने घेतलं. दाखला दिल्यानंतर तोंडाचा विषय काढणं हे तोंड टाकण्यासारखं आहे, असा ठराव झाला आणि शिंप्याला तीन महिने गप्प राहण्याची शिक्षा झाली. शिवाय, तोंडाचा वाद पुन्हा उद्भवू नये म्हणून दातांच्या डॉक्टरांनाच समितीवर घ्यावं, अशी सूचना गुरुजींनी मांडली. ती एकमताने संमत झाली. (शिंपी मोजला नाही.)

डॉक्टर त्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. दाखला चौकटीत बसवून टाकीशेजारी लागला. मामा आता दगडामागे राहू लागले होते. शेवाळ लावलं तरी बाहेर यायचे नाहीत, आणि आले तर निळी चमक दिसताच उलटे फिरायचे. शेपूट अर्धी राहिली होती, कुशीवर लाल चट्टे होते. गुरुजींनी कळवलं: "रुग्णाला स्वच्छतेची सवय नाही. धीर धरावा."

शनिवारी दुपारी बायकोने दवाखान्यातून भिंगाचा चष्मा आणला आणि डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"एकदा जबडा बघा. बाकी काही म्हणत नाही मी. तीस वर्षं जबडेच बघताय ना?"

डॉक्टर चष्मा लावून काचेशी वाकले. निळा मासा एका बिळाच्या तोंडाशी बसला होता. त्याने सावकाश जांभई दिली. तोंड खाली होतं, अगदी हनुवटीकडे. आणि खालच्या जबड्यात, दाभणासारखे वाकडे, दोन सुळे.

जबड्याच्या बाबतीत डॉक्टरांची चूक होत नसे. त्यांनी दाखल्याकडे पाहिलं. मंडळाच्या उद्याच्या बैठकीत, समितीवर आल्याबद्दल, त्यांचा सत्कार होता. नवा सदरा इस्त्री होऊन आला होता. दगडामागून मामांचा एक डोळा त्यांच्याकडे लागला होता.

"काय दिसलं?" बायकोने विचारलं.

"मला तरी ठीक वाटतोय."

बायकोने चष्मा काढून घेतला, पुसला, डबीत ठेवला. ओट्याखालची बादली आणि जाळी घेऊन ती एकटीच मामांना बाहेर काढायच्या मागे लागली. घाबरलेले मामा आणखी खोल घुसले. दोन तास तिने दगड एकेक करून उचलले. डॉक्टर आतल्या खोलीत सत्काराला उत्तर म्हणून करायचं भाषण पाठ करत होते.

मामा शेवटी तिच्या हाती लागले, पण तोवर त्यांच्यात काही उरलं नव्हतं. बादलीत ते एका कुशीवर झाले. तिने त्यांच्यासमोर शेवाळाचा तुकडा धरला. त्यांनी तो संशयाने पाहिला आणि खाल्ला नाही.

रविवारची बैठक छान झाली. सत्कारानंतर डॉक्टरांनी दबक्या आवाजात मामांची बातमी दिली. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली, आणि मृत्यूचं कारण 'अपुरी सफाई' असं नोंदवण्यात आलं. उपाय म्हणून टाकीत आणखी एक सफाई रॅस सोडावा, अशी शिफारस झाली. शिफारशीवर पहिली सही जबडातज्ज्ञांची होती.

डॉक्टर घरी आले तेव्हा टाकीचे दिवे बंद होते. बायकोने मिठाची पोती, खारेपणा मोजायची नळी आणि काच घासायचा ब्रश खुर्चीवर ओळीने मांडून ठेवले होते.

"आता तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, "आणि ती चौकट माझ्या घरात नको."

चौकट दवाखान्यात गेली, रुग्णांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर. तिथे ती शोभून दिसते. शिक्का गोल, अक्षर सुबक, वर निळी पट्टी. गेल्या चार महिन्यांत तीनशे साठ रुग्ण त्या खुर्चीत बसले. सगळ्यांनी चौकटीकडे पाहिलं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि डॉक्टर पांढरा कोट घालून जवळ येताच सगळ्यांनी तोंड उघडून डोळे स्थिर केले. मजकूर कुणीही वाचला नाही. वाचकहो, तुमच्या डॉक्टरांच्या भिंतीवरही काहीतरी चौकटीत आहे. त्यात काय लिहिलंय ते आठवून बघा. आणि आठवेपर्यंत, हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त तोंड जरा कमी उघडा.