सरदेसाईबाईंचे पोपटी बूट

सरदेसाईबाई बिस्किटाचा पुडा आधी मागून वाचतात. पुढच्या बाजूला छापलेलं सगळं खोटं असतं, असं त्यांचं ठाम मत. कसब्यातल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. "आम्हाला कोण गंडवणार?" हे त्यांचं पालुपद. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी त्यांचा जिना चढणं कधीच सोडलंय.

म्हणूनच त्या सकाळी जिन्यात माझ्या हातातली दुधाची पिशवी पडायचीच बाकी होती. बाई खाली येत होत्या. पंजाबी ड्रेसखाली पोपटी बूट, असे की अंधाऱ्या जिन्यात उजेड पडावा! मनगटावर भलंथोरलं घड्याळ, डोळ्यांवर काळा चष्मा.

"बाई, हे बूट?"

"अहो काळे, हे बूट नाहीत. एनर्जी रिटर्न."

"रिटर्न कधी करायचे?"

"ऊर्जा परत मिळते हो! तळाला कार्बनची पट्टी आहे. जाहिरातीतच म्हटलंय, 'तुम्ही हळू नाही. तुमचा वेग अजून जगानं पाहिलेला नाही.'"

कोथिंबिरीची जुडी काडी काडी तपासून परत करणारी बाई हे वाक्य डोळे मिटून म्हणत होती. मी हादरलोच.

पुढे रोजच धक्के. धावायचे खास मोजे, डावा वेगळा, उजवा वेगळा. मग धावताना चोखायची जेली.

"अहो, हा साखरेचा पाक आहे," मी म्हणालो.

"पाक नाही. फ्युएल."

एकदा वरून हाक आली, "काळे, घड्याळ म्हणतंय आज विश्रांती घ्या. माझं दूध तेवढं आणता?"

शेवटी एका रविवारी मी त्यांच्याबरोबर कालव्याच्या रस्त्यावर गेलो. बाई धावल्या, म्हणजे शेजारून चालताना मला मधूनमधून त्यांच्यासाठी थांबावं लागत होतं. मग त्या बाकावर टेकल्या. मला राहवेना.

"बाई, तुम्हालाही गंडवलं?"

आता आपली खैर नाही, असं वाटलं. पण त्या नुसत्या बुटाची नाडी सोडत राहिल्या.

"हडपसरला गेले होते. ऊन लागलं म्हणून बुटांच्या एका गारेगार दुकानात शिरले. तिथली मुलगी माझ्यासमोर खाली बसली. पाऊल हातात घेतलं आणि म्हणाली, 'आजी, कुठे दुखतं?'" बाईंनी बूट काढला. "तसं बोलायला त्यांना शिकवलेलं असतं, कळतं मला. पण हे गेल्यापासून तसं कोणी विचारलंच नव्हतं. मग मोज्यांसाठी गेले, जेलीसाठी गेले. दर वेळी विचारते ती."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. म्हणालो, "आत्ता कुठे दुखतंय?"

"नसत्या चौकशा कशाला?" त्या खेकसल्या. मग काळा चष्मा काढून बाजूला ठेवला.

"डावा गुडघा. जिना उतरताना जास्त."

आणि पाय लांब करून त्या मला सगळं सविस्तर सांगू लागल्या.